पंचांगातले नक्षत्र आकाशात कसे गाठायचे

जूनच्या सात-आठ तारखेला ‘मिरग लागला’ म्हणतात. त्या रात्री मृग बघायला गच्चीवर गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि त्यात दोष फक्त ढगांचा नाही. आभाळ स्वच्छ असले तरी मृग दिसत नाही, कारण त्या पंधरवड्यात सूर्यच मृगात असतो. मृग सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर डोक्यावर असतो आणि सूर्याबरोबर मावळतो. नक्षत्रे शिकायला बसलेल्या माणसाचा पहिला घोटाळा इथेच होतो.

घोटाळ्याचे मूळ शब्दातच आहे. नक्षत्र हा एकच शब्द आपण तीन गोष्टींसाठी वापरतो. एक, डोळ्यांना दिसणारा ताऱ्यांचा पुंजका. दोन, चंद्र-सूर्याच्या वाटेचा, म्हणजे क्रांतिवृत्ताचा, सत्ताविसावा हिस्सा. ३६० अंशांचे २७ सारखे तुकडे केले की प्रत्येकी १३ अंश २० कला येतात (६० कला म्हणजे एक अंश). पंचांग हा तुकडा मोजते, तारे नव्हे. तीन, पावसाचे नक्षत्र, म्हणजे सूर्य एका तुकड्यात असतो ते तेरा-चौदा दिवस. हे तिन्ही अर्थ वेगळे ठेवले की पुढचे काम सोपे होते.

सोबत काय घ्यायचे

खर्च जवळजवळ नाहीच. घरातले पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका, एक वही, पेन्सिल, होकायंत्र (फोनमधले चालते, पण लोखंडी कठड्यापासून दूर धरा) आणि लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी गुंडाळलेली विजेरी. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. फोनचा पडदा हा इथला सर्वांत मोठा शत्रू. आकाशाचे ॲप वापरायचेच असेल तर त्याची लाल रात्र-छटा चालू करा, आणि आधी स्वतः शोधून मगच ताडून पाहा. उलट क्रमाने केले तर ॲप शिकते, माणूस शिकत नाही. दुर्बीण घ्यायची असेल तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री पुरते. मोठी दुर्बीण नक्षत्रांसाठी निरुपयोगी, तिच्यात आकाशाचा फार लहान तुकडा मावतो.

मोजमाप हाताने करायचे. हात पूर्ण लांब करून करंगळीची रुंदी धरली तर साधारण १ अंश, मधली तीन बोटे जोडून ५, मूठ १०, आणि ताणलेली वीत २० अंशांच्या आसपास. लहान मुलाचा हात लहान तसाच आखूडही असतो, त्यामुळे हे माप त्यालाही लागू पडते. कोपर वाकवलेत तर मात्र सगळे माप बिघडले.

महाराष्ट्रात चांगले आकाश नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये धुरकट असते, पण तेजस्वी तारे दिसतात. शहरातल्या गच्चीवरून २७ पैकी दहा-बारा नक्षत्रे मिळतात, बाकीच्यांसाठी गाव गाठावे लागते.

सुरुवात मृगापासूनच

अश्विनी पहिले नक्षत्र म्हणून तिथून सुरुवात करू नका. अश्विनी फिकी आहे आणि भरणी त्याहून फिकी. दोन रात्रींत उत्साह संपतो. जानेवारीअखेर रात्री साडेनऊला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि मान वर करा. डोक्यावरून किंचित दक्षिणेला, सुमारे ७० अंशांवर, तीन सारखे तारे एका रेषेत दिसतील. आकाशात असे दुसरे त्रिकुट नाही. हा व्याधाचा बाण. बाणाभोवती चार ताऱ्यांचा मोठा चौकोन म्हणजे हरणाचे चार पाय, आणि चौकोनाच्या उत्तरेला तीन बारीक ताऱ्यांचा इवलासा त्रिकोण म्हणजे हरणाचे डोके. हे डोके तेवढे मृगशीर्ष नक्षत्र. सगळे हरीण नव्हे.

आता चौकोनाचे दोन कोपरे निरखून पाहा. ईशान्येचा तारा तांबूस, तो काक्षी. समोरासमोरचा नैऋत्येचा निळसर पांढरा, तो राजन्य. रंग जाणवत नसेल तर द्विनेत्रीची फोकसची चकती मुद्दाम थोडी फिरवून प्रतिमा धूसर करा. ताऱ्याचा ठिपका फुगतो आणि रंग उघड होतो. हा रंग म्हणजे ताऱ्याचे तापमान. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते आणि तापत गेले की पांढरे होत जाते, तसेच इथे. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० केल्विन, आपला सूर्य ५,८००, राजन्य १२,००० च्या घरात. लाल म्हणजे गरम ही स्वयंपाकघरातली समजूत आकाशात उलटी करायची.

काक्षी हा विझत आलेला, अवाढव्य फुगलेला तारा आहे. बहुतेक जण त्यालाच आर्द्रेची योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राचा मुख्य तारा, मानतात, म्हणजे एकाच हरणात दोन नक्षत्रे नांदतात. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या साधारण एक तृतीयांशावर आले होते. त्याने बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती. तेव्हापासून त्यावर नजर ठेवणारे पुष्कळ आहेत. तुम्हीही ठेवू शकता: दर आठवड्याला काक्षी रोहिणीपेक्षा तेजस्वी की मंद, एवढे एकच वाक्य वहीत लिहायचे.

रोहिणी कुठे? बाणाची रेषा वायव्येला सुमारे एक वीत वाढवा, नारिंगी तारा लागेल. तशीच पुढे दीड मूठ गेलात की कृत्तिकांचा पुंजका. उलट दिशेला, आग्नेयेला एक वीत गेलात की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. एका रेषेवर चार खुणा मिळाल्या. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वीचा, रोहिणीचा साधारण ६५ वर्षांपूर्वीचा, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमाराचा; कृत्तिकांचा सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी निघालेला.

कृत्तिकांना पुष्कळ लोक सप्तर्षी म्हणतात, कारण पुंजक्याचा आकारही इवल्या पळीसारखा आहे. फरक मापाचा: कृत्तिका दोन बोटांखाली झाकतात, सप्तर्षी सव्वा वितीतही मावत नाहीत. कृत्तिका मोजून बघा. साध्या डोळ्यांना सहा दिसल्या तर आकाश आणि नजर दोन्ही ठीक. चारच दिसल्या तर गावातले दिवे जबाबदार किंवा चष्म्याचा नंबर. थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली की फिके तारे जास्त उठतात.

चंद्राला काटा माना

नक्षत्रांची ही सगळी योजना चंद्रासाठी आहे. ताऱ्यांतून एक फेरी पुरी करायला त्याला २७.३ दिवस लागतात, म्हणून २७ मुक्काम. रोज साधारण १३ अंश, म्हणजे मुठीहून थोडे अधिक, तो पूर्वेकडे सरकतो; तासाला जवळजवळ स्वतःच्या बिंबाएवढा. हे एकदा डोळ्यांनी पाहायलाच हवे. पौषातल्या शुद्ध दशमी-एकादशीच्या सुमारास चंद्र कृत्तिका-रोहिणीच्या भागात असतो. रात्री आठला चंद्राची जागा ताऱ्यांच्या संदर्भाने वहीत काढा, अकराला पुन्हा काढा, दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा. तीन ठिपके जोडलेत की चंद्राची वाट हाती आली.

मग पंचांग उघडा. नक्षत्राच्या रकान्यात ‘रोहिणी २१.१४’ असे असेल तर त्याचा अर्थ चंद्र रात्री ९ वाजून १४ मिनिटांपर्यंत रोहिणीत, नंतर मृगात. छापलेले नाव सूर्योदयाच्या वेळचे असते. तुम्ही बघता रात्री, तेव्हा नक्षत्र बदललेले असण्याची शक्यता बरीच. चुकीचे नाव धरून बसण्याचे हे सर्वांत सामान्य कारण. प्रत्येक नक्षत्राला चंद्र सारखा वेळ देत नाही. त्याची गती कमी-जास्त होते, त्यामुळे एखादे नक्षत्र २१ तासांत आटोपते आणि एखादे २७ तास रेंगाळते.

परदेशातल्यांनी एक लक्षात ठेवावे. नक्षत्र संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, फक्त घड्याळे वेगळी. भारतीय वेळेतून लंडनसाठी हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास वजा करायचे; न्यू जर्सीसाठी हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. सूर्योदय मात्र गावोगावचा वेगळा, म्हणून ‘आजचे नक्षत्र’ पुण्यात एक आणि न्यू जर्सीत दुसरे असू शकते. त्यात कुणाचेही पंचांग चुकलेले नसते.

आता खरी अडचण. वृश्चिकातली तांबडी ज्येष्ठा ओळखू येऊ लागली, चंद्र नेमका तिच्या शेजारी आला, आणि पंचांग म्हणते अनुराधा. इथे बरेच जण पंचांगावरचा किंवा स्वतःवरचा विश्वास गमावतात. दोघेही बरोबर असतात. तुकडे सारखे आहेत, तारे सारख्या अंतरावर नाहीत. आज बहुतेक पंचांगे ज्या चित्रापक्षाने चालतात त्यात चित्रा हा तारा बरोबर १८० अंशांवर धरलेला आहे. त्या मोजणीने ज्येष्ठेचा तारा सुमारे २२६ अंशांवर येतो, आणि ज्येष्ठेचा तुकडा सुरू होतो २२६ अंश ४० कलांवर. म्हणजे ज्येष्ठा तारा अनुराधेच्या घराच्या उंबरठ्यावर, आतल्या बाजूला. असेच काक्षीचे, तो मृगाच्या तुकड्यात पडतो. स्वाती तर चित्रेच्या तुकड्यात, श्रवण उत्तराषाढेच्या आणि धनिष्ठा श्रवणाच्या. उलट कृत्तिका, रोहिणी, मघा आणि चित्रा आपापल्या घरात नीट बसलेल्या आहेत. ताडून बघायला म्हणून हीच चार घ्या.

दुसरी गंमत उंचीची. चंद्र क्रांतिवृत्ताच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पाच अंश जातो. स्वाती त्या वाटेपासून ३१ अंश उत्तरेला, श्रवण २९ अंश. ‘चंद्र स्वातीत’ असे पंचांगात असले तरी चंद्र आणि स्वाती यांच्यात दीड वितीचे अंतर कायम राहते. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा यांना मात्र चंद्र अधूनमधून चक्क झाकतो. रोहिणी ही चंद्राची आवडती बायको, तिच्याकडेच तो जास्त राहतो, ही सत्तावीस बायकांची पुराणकथा रचणाऱ्याने हे झाकणे पाहिले असावे असे वाटते.

पंचांग जवळ नसेल तर हिशेब तोंडी करता येतो. नक्षत्रांना अश्विनी १, भरणी २, कृत्तिका ३ असे रेवती २७ पर्यंत आकडे द्या. सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे ते धरा. त्यात तिथी मिळवा आणि तिथीचा दहावा भाग वजा करा. बेरीज २७ च्या वर गेली तर २७ वजा. कोजागिरीचे पाहू: ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य चित्रेत, आकडा १४. पौर्णिमा म्हणजे १५, त्यातून दीड गेले, साडेतेरा उरले. चौदा आणि साडेतेरा, साडेसत्तावीस. म्हणजे रेवती-अश्विनीच्या सांध्यावर, आणि महिना आश्विन. एखाद्या नक्षत्राचा फरक पडतो. त्याहून जास्त आला तर तिथी वद्य पक्षातली होती आणि तुम्ही १५ मिळवायला विसरलात.

महिन्यांची नावे याच हिशेबातून आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेपाशी तो चैत्र, विशाखेपाशी तो वैशाख, कृत्तिकांपाशी तो कार्तिक, मृगशीर्षापाशी तो मार्गशीर्ष. दरवर्षी तंतोतंत जुळत नाही, एक नक्षत्र अलीकडे-पलीकडे होते. त्रिपुरी पौर्णिमेला हे पाहायचे तर चंद्र थेट बघू नका, त्याच्या उजेडात कृत्तिका बुडून जातात. वळचणीच्या किंवा विजेच्या खांबाच्या आड चंद्र लपवा आणि शेजारी द्विनेत्री लावा.

सूर्याचे नक्षत्र, म्हणजे पावसाचे

शेतकऱ्याचे नक्षत्र चंद्राचे नव्हे, सूर्याचे. तारखा जवळजवळ ठरलेल्या: रोहिणी २५ मे, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आणि पुढे दर तेरा-चौदा दिवसांनी आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त करत २३-२४ ऑक्टोबरला स्वाती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. वाहन कोल्हा की मोर की बेडूक हे गणिताने येते, आकाशात बघून नाही. त्यावरून पेरणी ठरवू नये.

सूर्य ज्या नक्षत्रात ते दिसत नाही, पण त्यावरून दिसणारी काढता येतात. सूर्याच्या नक्षत्रात ८ मिळवा: अंधार पडता पडता साधारण ते डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर असते. १४ मिळवा: ते पूर्वेला उगवते किंवा नुकते उगवलेले असते. जानेवारीच्या १० तारखेला सूर्य पूर्वाषाढेत, आकडा २०. आठ मिळवून २७ वजा केले, १ राहिला. संध्याकाळी सव्वासातला खरोखरच अश्विनी त्या रेषेवर असते. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. म्हणून आज रात्री दहाला जे आकाश आहे ते महिन्याने आठला मिळते. जूनमध्ये सूर्याआड गेलेला मृग जुलैत पहाटे पूर्वेला डोके वर काढतो. ढगांमुळे तो दिसतो मात्र ऑगस्टअखेर पहाटे चारला, पावसाची उघडीप मिळाली तर.

या तारखा कायमच्या नाहीत. ताऱ्यांच्या हिशेबाने वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे आहे, त्यामुळे नक्षत्र लागण्याची तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. संक्रांत १४ जानेवारीची १५ ला सरकू लागली ती याच कारणाने. पाऊस मात्र ऋतूंबरोबर चालतो, ताऱ्यांबरोबर नाही. हवामान खात्याने मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख २०२० पासून ११ जून धरली आहे, म्हणजे आज मृग आणि पाऊस चांगले जुळतात. हजार वर्षांपूर्वी मृग चौदा दिवस अलीकडे लागत असे. ‘पडल्या स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण रब्बीच्या ओलीसाठी अजून खरी आहे; आणखी हजार वर्षांनी स्वाती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल तेव्हा तिचे काय होते ते शेतकरी ठरवतील.

हादग्याचे गणितही सूर्याचेच. सूर्य हस्तात शिरतो त्या दिवशी, २६-२७ सप्टेंबरला, हादगा बसतो आणि सोळा दिवस चालतो. पाटावर किंवा भिंतीवर हत्ती काढतात, पण नक्षत्राचा हस्त म्हणजे हाताचा पंजा. हत्तीचे नावही हस्तावरूनच, सोंड हा त्याचा हात. भोंडला नवरात्रात घटस्थापनेपासून धरणाऱ्यांकडे तो चंद्राच्या तिथीवर चालतो, म्हणून दोन घरांच्या तारखा जुळत नाहीत. हस्ताचा पंजा पाहायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये, चित्रेच्या नैऋत्येला दीड मुठीवर, तिरप्या चौकोनाच्या रूपात. हादग्याच्या दिवसांत तो सूर्याजवळ असतो.

उन्हाळ्याची रेषा

मेमध्ये रात्री दहाला उत्तरेकडे वळा. सप्तर्षींचे चार तारे आणि वाकडे शेपूट. खेड्यांत यालाच बाज म्हणतात आणि शेपटाचे तीन तारे ती बाज पळवणारे चोर. शेपटाचा बाक तसाच पुढे नेला की दीड वितीवर नारिंगी स्वाती, आणखी दीड वितीहून थोडे पुढे निळसर पांढरी चित्रा. स्वातीची एक खासियत: मुंबईचे अक्षांश सुमारे १९ आणि स्वातीची क्रांतीही (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे अंतर) १९, त्यामुळे ती मुंबईच्या नेमकी माथ्यावरून जाते. १ जूनच्या सुमारास रात्री सव्वादहाला पाठीवर निजून सरळ वर बघा. ओळंबा लावायची गरज नाही.

शेपटातला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी लागून अरुंधती. दोघांत १२ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्याहूनही कमी. नजर बरी असेल तर चष्म्याने सहज सुटे दिसतात. जमत नसेल तर आधी द्विनेत्रीत बघून जागा नक्की करा आणि मग साध्या डोळ्यांनी प्रयत्न करा. लग्नात अरुंधतीदर्शनाचा विधी असतो, पण मार्गशीर्षातल्या लग्नात संध्याकाळी सप्तर्षी महाराष्ट्रात क्षितिजाखाली असतात आणि भटजी बोट दाखवतात ते मोकळ्या आकाशाकडे. खरे दर्शन घडवायचे असेल तर मुहूर्त एप्रिल-मेचा आणि वेळ रात्री आठनंतरची.

बाजेच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेषा पाचपट वाढवली की ध्रुव मिळतो. तो सर्वांत तेजस्वी असतो असे समजून लोक भलत्याच ताऱ्याला हात जोडतात. ध्रुव दुसऱ्या प्रतीचा, मध्यम तारा (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा मोठा तितका तारा मंद). त्याची उंची म्हणजे तुमचे अक्षांश: पणजीत साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस. दोन मुठींच्या आत-बाहेर. त्याहून वर दिसणारा तारा ध्रुव नाही.

जूनमध्ये ढग यायच्या आधी दक्षिणेला वृश्चिक उरकून घ्या. इंगळीच्या नांगीपर्यंतची आकृती जशी सांगतात तशीच दिसते, हे भाग्य फार थोड्या राशींना आहे. डोक्याचे उभे तीन तारे अनुराधा, पोटातली लाल ती ज्येष्ठा, नांगी म्हणजे मूळ. ज्येष्ठेच्या जागी एखाद्या वर्षी दुसरा लाल ‘तारा’ शेजारी दिसला तर तो मंगळ. ग्रह लुकलुकत नाहीत हा नियम डोक्यावर चालतो, क्षितिजाजवळ सगळेच लुकलुकतात. त्यापेक्षा पंचांगात त्या दिवशी कोणता ग्रह कोणत्या राशीत ते दिलेले असते, ते पाहून निघा.

दक्षिणेचा अगस्त्य, पूर्वेच्या कृत्तिका

फेब्रुवारीच्या मध्याला रात्री सव्वानऊच्या सुमारास व्याधाच्या खाली पावणेदोन विती, दक्षिण क्षितिजावर दोन मुठींच्या आत एक पिवळसर पांढरा तेजस्वी तारा दिसतो. हा अगस्त्य, तेजात व्याधाखालोखाल दुसरा. पुण्यातून तो कधीच १९ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून दक्षिणेला डोंगर किंवा इमारत असेल तर जागा बदला. सह्याद्रीच्या पठारावरून तो छान दिसतो. अगस्त्य उगवला की पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते, असे जुने लोक सांगत. पहाटे तो पहिल्यांदा दिसतो तो काळ पावसाळा सरत येण्याचाच, एवढाच त्या म्हणण्याचा अर्थ.

कृत्तिकांचा एक प्रयोग होकायंत्राने करा. नोव्हेंबरच्या मध्याला संध्याकाळी सातला त्या पूर्वेला एक मूठ उंचीवर येतात. दिशा मोजा. ठीक पूर्व येणार नाही; पुण्यातून त्या पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात मात्र म्हटले आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रे ढळतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळू फिरतो, एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांचा, त्यामुळे ताऱ्यांचे उगवण्याचे ठिकाण सरकत जाते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हे सरकणे उलटे मोजले आणि कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा काढला. त्यांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चे. त्याआधी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये मृगावरून त्याहूनही मागे जाण्याचा युक्तिवाद केला होता. टिळकांचे काळगणित सगळ्यांना मान्य नाही, पण तुमच्या होकायंत्रावरचे २५ अंश कुणी नाकारू शकत नाही.

उरलेली, आणि शेवटची

बाकीच्यांत पुनर्वसूचे दोन जुळे तारे आणि मघेचा कोयता फेब्रुवारी-मार्चमध्ये आपसूक दिसतात. श्रवण ऑक्टोबरच्या संध्याकाळी: मधला तेजस्वी आणि दोन बाजूंना दोन मंद, कावडीसारखे. त्याच्या वरच्या अंगाला धनिष्ठेची पतंगासारखी छोटी आकृती. नोव्हेंबरमध्ये डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन येतो, पश्चिमेची बाजू पूर्वा, पूर्वेची उत्तरा, प्रत्येक बाजू दीड मूठ. आत जवळजवळ काही नाही, आणि हे ‘काही नाही’ हीच त्याची ओळख. पुष्य शोधायला काळोख हवा, तिथे द्विनेत्रीत ताऱ्यांचा थवा दिसतो. भरणी, आश्लेषा आणि शततारका शहरातून सोडून द्या.

सर्वांत अवघड रेवती. प्रत ५.२, शहरात अशक्य, गावात अमावस्येला जेमतेम. भाद्रपदांच्या चौकोनाच्या आग्नेयेला, अश्विनीच्या अलीकडे, द्विनेत्रीने नकाशा ताडत तारा तारा पुढे जावे लागते. चुकून शेजारचा धरला जातोच, म्हणून तीन वेगळ्या रात्री तीच आकृती वहीत उतरली तर नक्की माना. या न दिसणाऱ्या ताऱ्यावर पंचांगांचा जुना वाद उभा आहे. टिळक पंचांग राशिचक्राची सुरुवात रेवतीच्या ताऱ्यापासून धरते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये चित्रापक्ष घेतला आणि २१ मार्च १९५६ चे अयनांश (मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून राशिचक्राच्या सुरुवातीचे अंतर) २३ अंश १५ कला ठरवले. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. चंद्राला तेवढे जायला सात तास लागतात, सूर्याला चार दिवस. त्यामुळे टिळक पंचांगाच्या घरी मृग चार दिवस आधी लागतो, आणि चंद्र तांबड्या ज्येष्ठेशेजारी असतो त्या रात्री त्यांच्या रकान्यात ज्येष्ठाच छापलेली असते.